हिप-हॉप पहिल्यांदाच ऐकताय? सुरुवात न्यूयॉर्कपासून नको, ताडीवाला रोडपासून करा!

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकला, तेव्हा अनेक घरांत एकच प्रश्न होता : हा कोण आणि हा गातो तरी काय? मुलांना गाणी तोंडपाठ, पालकांना निम्मे शब्द कळेनात आणि जे कळले ते नेमके शिव्यांचे! हिप-हॉप आता मराठी घरांत शिरले आहे. पण ते ऐकायचे कसे, हे कुणी सांगत नाही. ‘बेस्ट हिप-हॉप साँग्ज’ असे सर्च केले, की अमेरिकी गाण्यांची भलीमोठी यादी समोर येते. उच्चार पकडता येत नाहीत, गुणगुणावी अशी चाल सापडत नाही आणि तिसऱ्या गाण्याला माणूस हेडफोन काढून ठेवतो.

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगरमधून संगमवाडीमार्गे पुणे स्टेशन गाठणाऱ्यांना यावरचे उत्तर फार लांब शोधावे लागणार नाही. स्टेशनलगतचा ताडीवाला रोड हाच स्टॅनचा भाग.

हिप-हॉप आले कुठून?

तारीख ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यातला गायनाचा भाग थांबून फक्त तालवाद्ये उरतात, तेव्हा लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या तालावर माइकवरून बोलणे म्हणजे रॅप. डीजेइंग, ब्रेकिंग नाच आणि भिंतीवरची ग्राफिटी ही याच कुटुंबातली भावंडे. त्यातले ब्रेकिंग २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोहोचले.

कानाने नेमके काय पकडायचे?

चाल शोधू नका, ठेका मोजा. एक ‘बार’ म्हणजे चार ठोके. वेग मिनिटाला ९० ठोके असेल, तर सोळा बारचे एक कडवे साधारण ४३ सेकंदांत संपते. विश्रांतवाडी चौकातल्या एका लाल दिव्यात ते आरामात बसते. पुन्हा पुन्हा येणारी ओळ म्हणजे ‘हुक’, आपल्याकडचे ध्रुवपदच. शब्द ठेक्याच्या पुढे पळवायचे, मागे रेंगाळू द्यायचे की बरोबर ठोक्यावर आपटायचे, ही रॅपरची ढब म्हणजे ‘फ्लो’. छाती हलवणारा तो खोल आवाज १९८० मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशिनची देणगी आहे.

खरी गंमत मात्र यमकात आहे. ‘जातो-खातो-येतो’ कुणीही जुळवतो, कारण मराठी वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावरच संपते. कसबी रॅपर हा सोपा मार्ग टाळतो, वाक्य फिरवून शेवटी नाम आणतो. उदाहरण घ्या. ‘विश्रांतवाडी’ला ‘साडी’ जुळते, पण त्यात काही विशेष नाही. त्याऐवजी ‘अशांत गाडी’ म्हणून पाहा. आता शेवटची चारही अक्षरे एकमेकांवर बसतात आणि वाक्याला अर्थही मिळतो. रॅपरला दाद द्यायची ती अशा जागांवर.

शाहिरीतला कलगी-तुरा ऐकलेल्यांना रॅप बॅटल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, निवाडा श्रोत्यांचा. म्हणून रॅप पोवाड्यातून जन्मला, असे सांगणे मात्र ओढाताणीचे आहे.

प्रत्येक गाण्यात वस्ती का येते?

कारण हिप-हॉपला पत्ता लागतो. एनडब्ल्यूए या गटाच्या १९८८ च्या अल्बमच्या नावातच कॉम्प्टन हे त्यांचे गाव आहे. मुंबईत डिव्हाइनच्या गाण्यांत येणारा ‘५९’ हा आकडा अंधेरी पूर्वेच्या ४०००५९ या पिनकोडमधला. नेझीवरच्या माहितीपटाचे नाव ‘बॉम्बे ७०’, म्हणजे कुर्ला, ४०००७०. याच नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’चा व्हिडिओ आयपॅडवर तयार केला. पुढच्या वर्षी दोघांचे ‘मेरे गली में’ आले आणि २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट.

स्टॅनच्या २०२० च्या अल्बमचे नाव ‘तडीपार’. हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्याला समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तो रोजच्या बातमीतला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्याला ठरावीक हद्दीबाहेर घालवण्याचा हा आदेश. स्टॅन गातो हिंदीत, पण ती हिंदी पुण्याच्या वस्तीतली, मराठी शब्दांनी भरलेली. त्याने देशभर नेलेले ‘शेमडी’ म्हणजे आपली ‘शेंबडी’च. दिल्लीच्या श्रोत्याला जे शोधावे लागते, ते पुणेकराला आयते कळते. नवख्याने घराजवळून सुरुवात करावी ती यासाठी.

मराठीत काय ऐकावे?

पहिले नाव ‘द वारली रिव्होल्ट’. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन हे गाणे केले. मेट्रो कारशेडसाठी झाडे तुटण्याचा वाद पेटलेला असतानाचे हे गाणे आहे. याच गटाचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. गुजरातीत गाणारा एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये अकाली गेला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर २०२३ च्या ‘एमटीव्ही हसल’मध्ये मराठी घेऊन उतरला, त्याचे मंचावरचे नाव त्याने इंग्रजीत १०० हा आकडा घालून लिहिले आहे, उच्चार सौरभच. आदिवासी समाजातून आलेल्या माही जीचे ‘जंगलचा राजा’ही यादीत हवे.

शिव्यांचे काय?

आहेत, आणि भरपूर आहेत. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर गाण्याच्या नावाशेजारी चौकोनात इंग्रजी ‘ई’ दिसले, तर घरातल्या स्पीकरवर लावू नका. स्त्रियांबद्दलची भाषा अनेक गाण्यांत हिणकस आहे, स्टॅनच्याही. ‘वस्तीतले वास्तव’ म्हणून ती गोड मानून घ्यायचे कारण नाही.

पण प्रत्येक वाद शिव्यांचा नसतो. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेचे ‘पन्नास खोक्यां’वरचे मराठी रॅप व्हायरल झाले. तक्रार आली आणि त्या एप्रिलमध्ये अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात उमेश खाडे या तरुणावर राजकारण्यांवरील रॅपसाठी मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. अमेरिकेतही १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने पोलिसांविरुद्धच्या गाण्याबद्दल एनडब्ल्यूएच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडले होते. नेत्याविरुद्धचा लेख पानात दबून जातो, दोन मिनिटांचे रॅप मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरते. अस्वस्थता त्याचीच असावी.

मग अमेरिकेकडे कधी वळायचे?

ठेका ओळखीचा झाला, की लगेच. नासचा १९९४ चा ‘इलमॅटिक’ शब्दांसाठी. लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम गाणे आणि रॅप दोन्हींसाठी. ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरलेला तो पहिला हिप-हॉप अल्बम. केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ला २०१८ मध्ये पुलित्झर मिळाले, पण तो सुरुवातीलाच ऐकू नका, जड जाईल. या सगळ्यांच्या आधी ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचे १९८२ चे ‘द मेसेज’ लावा. पडकी वस्ती, घाण, थकलेली देणी, डोक्यावरचा ताण, सगळे त्यात आहे. गाणे सात मिनिटांचे असले तरी वेग संथ आहे आणि शब्द स्पष्ट. पहिल्यांदा नुसते ऐका, दुसऱ्यांदा स्क्रीनवर शब्द उघडून.