कर्लची शाकारणी

श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं ‘कर्ल’ हें नांव ऐकलेलें नसेल. तरी त्यांच्या घरांतील भ्रमणध्वनींत, दूरचित्रवाणी-संचांत, कित्येकांच्या मोटारींतहि ती राबत असते. कर्ल ही संगणकाची एक आज्ञावली. तिचें काम निरोप्याचें: दूरच्या संगणकाकडे जावें, मागितलेली माहिती आणावी, दिलेली पोंचवावी. तिचा सोर्स कोड, म्हणजे मनुष्यास वाचतां येईल असा तिचा मूळ लेख, सर्वांस खुला आहे. तो कोणीहि विनामूल्य घ्यावा, तपासावा, आपल्या कामीं लावावा.

राफाएल सागुला या ब्राझीलच्या गृहस्थांनीं लिहिलेली एक चिमुकली आज्ञावली १९९६ च्या सुमारास स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांच्या हातीं पडली. गप्पागोष्टींच्या एका जाळ्यावर निरनिराळ्या चलनांचे दर सांगतां यावे, एवढाच त्यांचा हेतु होता. तिच्यांत भर पडत गेली आणि २० मार्च १९९८ रोजीं ती ‘कर्ल’ या नांवानें प्रसिद्ध झाली.

अशी आज्ञावली एकदां लिहिली कीं काम संपलें, अशी समजूत असते. कोंकणांतील घरमालकास विचारावें: घर बांधणें एकदांचें, शाकारणी दरसालची. गुप्तलेखनाचे नियम बदलतात, यंत्रें बदलतात. पण कोणी वीस वर्षांपूर्वीं कर्लला जी आज्ञा दिली असेल, तिचा अर्थ मात्र आजहि तोच राहिला पाहिजे. इतर आज्ञावलींत जोडावयाचा जो तिचा भाग आहे, त्याची जोडणी २००६ पासून मोडलेली नाहीं. साधारणतः दर आठ आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघते. कोणी सुधारणा सुचविली, तर ती जाणत्यांनीं वाचावयाची, शेंकडों चांचण्यांतून काढावयाची, आणि मगच स्वीकारावयाची.

एवढ्या दक्षतेंतूनहि चूक निसटते. २०२० मध्यें स्टेनबर्ग यांनीं मध्यस्थ संगणकामार्फत निरोप पाठविण्याच्या भागांत फेरफार केला. दूरच्या संगणकाचें नांव २५५ अक्षरांहून लांब असेल, तर तें मध्यस्थाकडे न सोंपवितां त्याचा पत्ता कर्लनेंच शोधावा, असा नियम होता. परंतु मध्यस्थाचें उत्तर येण्यास विलंब लागला, कीं काम मध्येंच थांबे. पुन्हां सुरू होई तेव्हां हा निर्णय विसरला जाई. मग तें लांब नांव अपुऱ्या जागेंत उतरविलें जाई व शेजारच्या स्मृतिस्थानांत सांडे. दुष्ट बुद्धीच्या मनुष्यास एवढी फट पुरेशी असते. तीन वर्षांहून अधिक काळ हा दोष कोणाच्याहि लक्षांत आला नाहीं. ११ ऑक्टोबर २०२३ रोजीं ८.४.० ही आवृत्ति काढून तो दूर करण्यांत आला, आणि आपल्याच हातून तो कसा घडला हें स्टेनबर्ग यांनीं सविस्तर लिहून प्रसिद्ध केलें. असे कारखानदार विरळा!

वापरणारांस मात्र या श्रमांची जाणीव बेताचीच. जानेवारी २०२२ मध्यें एका मोठ्या कंपनीनें, एक पैहि दिलेली नसतां, सुरक्षिततेविषयींच्या प्रश्नांचीं उत्तरें चोवीस तासांत द्यावीं, असें त्यांस फर्माविलें. आधीं सेवेचा करार करावा, मग उत्तरें मिळतील, असें त्यांनीं कळविलें. दुसरें काय कळवावयाचें?

पहिलीं वीस वर्षें स्टेनबर्ग यांचें हें काम मुख्यतः फावल्या वेळांत चाले. २०१९ पासून तें त्यांचें पूर्णवेळ पगारी काम झालें. त्याच वर्षीं दोष शोधून देणारांस बक्षिसें देण्याची योजना सुरू झाली. पुढें कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेले, दिसण्यांत पंडिती पण आंतून पोकळ असे अहवाल येऊं लागले. अहवाल खरा कीं खोटा, हें तो वाचल्यावांचून कळत नाहीं, आणि वाचणारे थोडेच. अखेर जानेवारी २०२६ संपतां संपतां तीं बक्षिसें बंद करण्यांत आलीं.