रोगनिवारणाच्या मोहिमा आणि सर्वसाधारण आरोग्यसेवा : हिवताप व क्षयरोग यांचा भारतीय अनुभव

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात रोगनिवारणाचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एका मार्गात एखादा विशिष्ट रोग हे लक्ष्य ठरवून त्यासाठी स्वतंत्र निधी, स्वतंत्र नोकरवर्ग व स्वतंत्र नोंदवह्या असलेली मोहीम उभारली जाते. दुसऱ्या मार्गात प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णालये, प्रयोगशाळा व औषधभांडारे यांची सर्वसाधारण व्यवस्था बळकट करून तिच्याकरवीच सर्व रोगांचा समाचार घेतला जातो. या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, असा वाद पुष्कळ वर्षे चालला आहे. परंतु प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे. मोहीम कोणत्या टप्प्यावर सर्वसाधारण सेवेवर विसंबू लागते, आणि तो टप्पा येईपर्यंत ती सेवा सिद्ध झालेली असते काय, हा खरा प्रश्न होय.

प्रथम हिवतापाचा विचार करू. तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड व कारवार या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन प्रभृतींनी १९४६ च्या सुमारास घरांच्या आतील भिंतींवर डीडीटीची फवारणी करून ग्रामीण हिवतापाला आळा घालता येतो, हे दाखवून दिले. त्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मृत्यू घडत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला; १९५५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने हिवतापाच्या निर्मूलनाचे ध्येय स्वीकारल्यावर १९५८ मध्ये भारतानेही नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. स्वतंत्र मोहिमेचे हे यश असामान्य होते, यात शंका नाही.

या कार्यक्रमाच्या पूर्वतयारी, हल्ला, दृढीकरण व देखभाल अशा चार अवस्था होत्या. हल्ल्याच्या अवस्थेत फवारणीची पथके ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी पोचली की बहुतांश कार्य साधे. तेथे लष्करी शिस्त उपयोगी पडे. देखभालीच्या अवस्थेचे स्वरूप मात्र सर्वस्वी निराळे होते. तेथे फवारणी थांबावयाची आणि एखादा तापकरी आढळताच त्याचा रक्तनमुना घेणे, तो वेळेवर तपासणे व उपचार करणे हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राने कायमचे करावयाचे, अशी योजना होती. १९६३ मध्ये चढ्ढा समितीने यासाठी दर दहा हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य सेवक सुचविला. योजना तर्कशुद्ध होती. पण ज्या केंद्रांवर हा भार टाकावयाचा, त्यांपैकी अनेक अपुरी होती. शिवाय त्याच सेवकावर कुटुंबनियोजनाचेही काम पडल्याने दोन्ही कामांची हेळसांड होऊ लागली, आणि पुढे मुखर्जी समितीला ती वेगळी करण्याची शिफारस करावी लागली. रक्ताची काचपट्टी तपासण्यास विलंब झाला, की तेवढ्या अवधीत त्या रुग्णापासून डासांमार्फत रोग इतरांकडे पोचतो. एवढी साधी गोष्टही मोहिमेचे भवितव्य ठरविण्यास पुरेशी आहे.

१९७६ मध्ये हिवतापाचे सुमारे चौसष्ट लाख रुग्ण नोंदले गेले. डासांमध्ये कीटकनाशकाविरुद्ध निर्माण झालेला प्रतिकार, पुरवठ्यातील खंड व शहरांतील हिवतापाकडे झालेले दुर्लक्ष हीही त्याची कारणे होत. सर्व दोष एका कारणावर ढकलणे योग्य नव्हे. तथापि देखभालीच्या अवस्थेत गेलेले प्रदेश पुन्हा फवारणीखाली आणावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत आरंभच उलट दिशेने झाला. घरी राहून घेतलेले औषधोपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, हे मद्रास येथील संशोधनाने १९५९ मध्ये दाखविले. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील बॅनर्जी व अँडरसन यांच्या १९६३ मधील अभ्यासात असे आढळले की, थुंकीत जंतू असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण आपण होऊनच दवाखान्यात गेले होते. मात्र तेथे बहुतेकांची खोकल्याच्या औषधावर बोळवण झाली होती. म्हणजे रुग्ण शोधण्यास स्वतंत्र सैन्य नको होते. आलेल्या रुग्णाची थुंकी तपासणारी सूक्ष्मदर्शी हवी होती. या विचारावर आधारलेला जिल्हा क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून सर्वसाधारण सेवेत गुंफण्यात आला. कल्पना उत्तम होती. परंतु औषधे व मनुष्यबळ यांचा तुटवडा राहिल्याने १९९२ च्या आढाव्यात उपचार पूर्ण करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण अत्यल्प आढळले. दुबळ्या सेवेत कार्यक्रम विलीन केला, तर तिचे दौर्बल्य त्याच्या वाट्यास येते, हाच याचा बोध.

देवीच्या निर्मूलनाचे उदाहरण या विवेचनाविरुद्ध दिले जाते. पण देवीचा रुग्ण डोळ्यांना ओळखू येई, त्या जंतूला मनुष्येतर आश्रय नव्हता, आणि निर्मूलनानंतर रुग्णांवर नित्य उपचार करण्याचे ओझे उरले नाही. हिवताप, क्षय किंवा एचआयव्ही यांविषयी असे म्हणता येत नाही.

२००२ मध्ये स्थापन झालेला एड्स, क्षय व हिवताप यांविरुद्धचा जागतिक निधी आणि २००३ मधील अमेरिकेची एड्सविषयक योजना यांनी लक्षावधी प्राण वाचविले. पण अनेक देशांत औषधखरेदी, अहवाल व नोकरवर्ग यांच्या समांतर यंत्रणाही त्यांतून उभ्या राहिल्या. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्यात एकाएकी मोठी कपात केली, तेव्हा अशा परावलंबी व्यवस्थांचा कमकुवतपणा उघड झाला. भारतात २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने वेगवेगळ्या रोगांच्या स्वतंत्र समित्या जिल्हा आरोग्य समितीत एकत्र आणल्या, ते पाऊल योग्य दिशेचे होते.

तात्पर्य, मोहीम नको असे नव्हे. रोग बळावलेला असताना एकाग्र प्रयत्न आवश्यकच असतो. मात्र मोहिमेच्या पहिल्याच अंदाजपत्रकात तिच्या अखेरच्या अवस्थेची तरतूद असली पाहिजे. क्षयासाठी आणलेली सूक्ष्मदर्शी हिवतापाची काचपट्टीही तपासते काय, औषधे एकाच भांडारातून जातात काय, आणि निधी थांबल्यावर सेवकाचे वेतन कोण देणार, हे प्रश्न मोहिमेच्या समाप्तीच्या वेळी नव्हे, तर तिच्या आरंभीच विचारले पाहिजेत.