होर्न : जायफळाच्या पैशांचं देखणं गाव

ॲमस्टरडॅमला जाऊन कालवे, चीज आणि ट्यूलिप्स एवढंच करून परतणार असाल, तर जरा थांबा! एक दिवस जास्तीचा काढा आणि होर्नची ट्रेन पकडा. पाऊण तासाच्या आत तुम्ही थेट सतराव्या शतकात!

होर्नमध्ये मी नकाशा खिशातच ठेवला. जुना भाग एवढासा, की कुठल्याही गल्लीतून फिरत फिरत तुम्ही बंदरावर पोचताच. विटांची अरुंद घरं, पायऱ्यापायऱ्यांचे माथे, धक्क्यावर १५३२ चा हूफ्डटोरेन बुरूज आणि समोर शिडाच्या बोटी. एकदम फोटोजेनिक! डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक इथं होती. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या ‘केप हॉर्न’लाही १६१६ मध्ये याच गावाचं नाव मिळालं.

मग हे सगळं टिकलं कसं? गंमत म्हणजे, मंदीमुळे! व्यापार आटला आणि जुनं पाडून नवं बांधण्याएवढा पैसाच गावात उरला नाही. पुढे १९३२ मध्ये मोठा बांध घालून डचांनी इथला समुद्रच अडवला. आज बंदरात लाटा आहेत, पण गोड्या पाण्याच्या.

आता रोडे स्टेन चौकात या. एका बाजूला १६०९ चं वजनघर, दुसरीकडे १६३२ च्या इमारतीतलं म्युझियम आणि मध्ये ऐटीत उभा यान पीटरझोन कून. जन्म इथलाच, १५८७ चा. आजचं जकार्ता म्हणजे त्यानं वसवलेलं बटाविया. पण १६२१ मध्ये यानंच इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर स्वारी केली. कारण? जायफळ! तेव्हा ते जगात फक्त तिथंच पिकायचं. अंदाजे पंधरा हजार बेटकऱ्यांपैकी जेमतेम हजारभर उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, गुलाम झाले किंवा पळाले.

श्रीखंडावर किसून घालतो ना आपण, तेच जायफळ. आणि ही कंपनी आपल्याला परकी नाही. १६३७ मध्ये तिनं वेंगुर्ल्यात वखार उघडली होती. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत.

कूनचा पुतळा १८९३ चा. तो हटवावा का, यावर गावात जोरदार वाद झालेत. २०१२ मध्ये त्याच्या पाटीवर टीकेचाही उल्लेख आला, २०२० मध्ये चौकात निदर्शनं झाली. मला विचाराल, तर निदान ती पाटी तरी हवीच. नाहीतर आपण सुंदर घरांचे फोटो काढतो आणि त्यांचं बिल कुणी भरलं ते विचारायचं राहून जातं.

तेव्हा होर्नला जरूर जा. बंदरावर निवांत कॉफी प्या, मनसोक्त भटका. पण चौकातली ती पाटी वाचल्याशिवाय परतीची ट्रेन पकडू नका!