सूर्यफूल पेरायचे, तर भाताचा हिशेब आधी करा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात इमारती वाढल्या, खाचरे कमी झाली. उरलेल्या खाचरांत भातानंतर फार तर वाल. मात्र विहिरीला किंवा ओढ्याला पाणी असेल, तर सूर्यफूल घेता येते. अट एकच, पेरणीची वेळ साधली पाहिजे.

सूर्यफूल तिन्ही हंगामांत येते, हे खरे. पण उतारा ठरतो तो फुलोऱ्यात आणि दाणे भरताना हवा कशी मिळते यावर. आपल्याकडे जुलैत पेरले, तर फुले सप्टेंबरच्या पावसात सापडतात. पराग धुऊन जातो, मधमाशी फिरकत नाही, फूल कुजते. म्हणून आपला हंगाम रब्बीचाच.

घाटावर रब्बीची पेरणी ऑक्टोबरात होते. आपले भात तेव्हा शेतात असते. आता हिशेब करा. नव्वद दिवसांचे वाण साधारण ५५ ते ६० दिवसांनी फुलते, पुढचा महिना दाणे भरण्याचा. २० नोव्हेंबरला पेरले, तर फुलोरा जानेवारीच्या मध्यास, थंडीत. काढणी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. तेच जानेवारीच्या मध्यास पेरले, तर दाणे भरणार मार्चअखेर आणि एप्रिलच्या उन्हात. पारा ३८ अंशांवर गेला की दाणे पोचट राहतात, वजन आणि तेल दोन्ही घटते. त्यात ओढाही आटलेला!

म्हणजे सूर्यफुलाची तारीख जूनमध्येच ठरते. त्या खाचरात गरवे भात नको. हळवे किंवा निमगरवे लावा. कापणीनंतर वाफसा येताच नांगरा, ढेकळे फोडा आणि ४५ बाय ३० सेंटीमीटर अंतरावर पेरा. कळी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पाणी चुकवू नका. फुलोऱ्यात सकाळी ८ ते ११ या वेळात हाताला मलमलीचे कापड गुंडाळून फुलांवरून हलके फिरवा. त्या दिवसांत कीटकनाशक मारू नका.

एकट्याने पेरले, तर पोपटांचीच चैन. शेजारच्या चार-सहा जणांनी एकाच आठवड्यात पेरा, राखण वाटून घ्या.

आता गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द. भात निघाले की गुरे मोकाट सुटतात आणि वेळेवर पेरलेले पीकही हातचे जाते. त्याचा ठराव ग्रामसभेत आधीच करा. वनराई बंधारे ओढा वाहता असतानाच घाला. पाणी गेल्यावर घातलेला बंधारा कागदावरच भरतो.