जुनी पल्सर घरी दुरुस्त करताना : आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी



बारावीचा किंवा आयटीआयचा निकाल लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत एक मागणी हमखास होते. "बाबा, जुनी पल्सर मिळून राहिली, घरीच दुरुस्त करतो." नवी स्पोर्ट्स बाईक परवडत नाही. वणी, पुसद, दारव्हा असं कुठंतरी दहा-पंधरा वर्षं वापरलेली २२० विकायला असते. मित्र सांगतो, "घेऊन टाक बे, इंजिन एकदम ओके हाय." आता तुम्ही हो म्हणायचं की नाही?

माझं मत सांगतो. मुलगा अठरा वर्षांचा असेल आणि तुम्ही रोज तासभर त्याच्या शेजारी बसणार असाल, तर हो म्हणा. यंत्र उघडून समजून घेण्याची अशी संधी शाळेच्या प्रयोगशाळेत मिळत नाही. पण कामाचा क्रम तुम्ही ठरवा. मुलं सुरुवात करतात ती स्टिकर, रंग आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरपासून. खरा क्रम याच्या अगदी उलटा आहे. गाडी आधी कायदेशीर हवी, मग सरळ हवी, मग थांबली पाहिजे, त्यानंतर पळाली पाहिजे. चमकायचं ते शेवटी.

गाडीबद्दल थोडंसं. पल्सर १५० आणि १८० बजाज ऑटोने २००१ मध्ये आणल्या. २२० आली २००७ मध्ये, फ्युएल इंजेक्शन घेऊन. २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटरवर आली, स्वस्त झाली आणि गावोगावी पोचली. 'सर्वांत वेगवान भारतीय' अशीच तिची जाहिरात होती. सुमारे २१ अश्वशक्ती, वजन दीडशे किलोच्या आसपास, पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क ब्रेक. घरी शिकायला ही कार्बोरेटरवालीच बरी. तिच्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतं आणि हाताने उघडता येतं.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१० च्या गाडीची मुदत २०२५ मध्येच संपली. आरटीओकडे तपासणी करून नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते, त्यासाठी फॉर्म २५ आहे. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचं पत्र आधी मागा. पांढरकवड्याकडच्या पालकांनी आणखी एक बघावं. पैनगंगेपलीकडून, आदिलाबाद भागातून आलेली गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं आणि मग आपल्याकडे एमएच-२९ चा नंबर घ्यावा लागतो. सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. तो घासलेला दिसला तर गाडी फुकट मिळाली तरी नको.

मुलगा अजून अठराचा नसेल, तर गाडी उघडायला, जोडायला हरकत नाही. चालवायला मात्र अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. हे मुलाला नीट वाचून दाखवा.

दोरीने गाडी तपासा

जुनी स्पोर्ट्स बाईक म्हटली की ती कधीतरी पडलेली असणार, असं धरूनच चाला. प्रश्न असतो किती जोरात पडली याचा. सांगाडा वाकलाय का, हे पाहायला एक दोरी आणि एक मोजपट्टी पुरते. आठवी-नववीची मुलंही ही तपासणी करू शकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२२० च्या मागच्या टायरवर १२०/८०-१७ असं लिहिलेलं असतं आणि पुढच्यावर ९०/९०-१७. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये सांगतो. गाडी सरळ उभी करा. मागच्या टायरला पाठीमागून दोरीचा वेढा द्या आणि दोन्ही टोकं दोन बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढे नेऊन ताणून धरा. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकली पाहिजे. आता हँडल सरळ करा. पुढचं टायर मागच्यापेक्षा ३० मिलीमीटरने अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंना दोरी आणि टायर यांच्यात साधारण १५-१५ मिलीमीटर जागा दिसायला हवी. टायर कुठल्या कंपनीचं आहे त्यावर हा आकडा थोडा बदलेल. दोन्ही बाजूंची जागा सारखी असणं महत्त्वाचं.

समजा एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला २० आली. लगेच सांगाड्याला दोष देऊ नका. चेन ताणायचे दोन्हीकडचे नट कमी-जास्त फिरवले असतील तर मागचं चाकच तिरकं बसतं. ते सारखं करून पुन्हा मोजा. तरी फरक राहिला तर पुढचे फोर्क पिळलेले असतील. ते मिस्त्री सैल करून सरळ करून देतो. आणि त्यानंतरही जागा सारखी होत नसेल, तर सांगाडा वाकलाय असं समजा आणि सौदा सोडा. एकेक कारण वगळत जायची ही रीत विज्ञानाच्या तासाला आपण फळ्यावर शिकवतो, इथे ती अंगणात वापरायला मिळते.

ब्रेक

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या मुलाला पाठ असतं. त्याचा अर्थ त्याच्याकडूनच गणित करून काढून घ्या. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंदाने कमी करतात असं धरा. ताशी ४० वर गाडी साधारण १० मीटरमध्ये थांबते, ताशी ८० वर ४१ मीटर लागतात. शिवाय ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एक सेकंद गेला, तर ८० च्या वेगात २२ मीटर आधीच मागे पडलेले असतात. आर्णी रोडवर समोर बैलगाडी आली की हे ६३ मीटर आणायचे कुठून?

डिस्क ब्रेक म्हणजे पास्कलचा नियम. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला छोटा दट्ट्या तेल ढकलतो, तोच दाब कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यावर येतो. समजा मोठ्याचा व्यास दुप्पट असेल, तर क्षेत्रफळ चौपट आणि जोरही चौपट. म्हणून दोन बोटांनी दीडशे किलोची गाडी थांबते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की लिव्हर स्पंजसारखा लागतो आणि आपला जोर बुडबुडा दाबण्यातच जातो.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्यासाठी किमान मर्यादा १५५ धरलेली आहे. घाटात सतत ब्रेक लावले की जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून जुन्या गाडीतलं ब्रेक ऑइल कसंही दिसत असलं तरी बदलायचं, आणि तेही नव्या सीलबंद डब्यातलं वापरून. हे ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. कॅलिपरच्या रबरी सीलला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. पॅड बदलणं घरी जमतं. हवा काढण्याचं काम, ज्याला गॅरेजवाले ब्लीडिंग म्हणतात, ते पहिल्या वेळी मिस्त्रीसमोरच करा.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. नक्षी भरपूर दिसत असली तरी उन्हात वाळून भेगा पडलेलं टायर निकामी समजा.

इंजिन, आणि आपली काळी माती

आपल्याकडच्या गाडीची दुखणी पुण्या-मुंबईच्या गाडीपेक्षा वेगळी असतात, कारण ती शेतरस्त्याने फिरलेली असते. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंट होते. २२० ला इंजिनसमोर ऑइल कूलर आहे. त्याच्या बारीक पट्ट्यांत माती बसली की हवा जात नाही, आणि मे महिन्यात इंजिन तापून येतं. मऊ ब्रश आणि साध्या पाण्याच्या धारेने तो धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप मारला तर पट्ट्या वाकतात. फोर्कच्या पाइपवर वाळलेला चिखल ऑइल सील कापतो, मग पाइपवर तेलाचं कडं दिसू लागतं. एअर फिल्टर फाटलेला असेल, तर तीच बारीक धूळ सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते. असं इंजिन निळा धूर देतं. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते काम लेथवाल्याचं आणि खर्चाचं, घेण्यापूर्वीच कळलेलं बरं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेक वेळा कार्बोरेटर आणि फिल्टर साफ केल्यावर जातो.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीत टॉर्च मारून बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी तळाशी बसतं, गंज धरतो, तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. टाकी काढून, पूर्ण रिकामी करून, तिच्यात किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून भरा आणि रात्रभर ठेवा. आम्ल गंज विरघळवतं. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा. जुन्या रबरी नळ्या बदला.

इथे एक सक्त सूचना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत घरात जाते. देवघरातली समई किंवा स्वयंपाकघरातला गॅस तिला पुरेसा आहे. पेट्रोलचं काम उघड्या अंगणातच करा. बंद खोलीत इंजिन सुरू करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि इंजिन चालू ठेवून चेन पुसायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी. चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे गेलेलं बोट परत येत नाही. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं.

विजेसाठी शाळेतला मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसली तर चार्जिंग ठीक. उघडलेल्या प्रत्येक भागाचा आधी मोबाइलवर फोटो काढायला लावा. नट-बोल्ट ठेवायला मसाल्याचा जुना डबा उत्तम, प्रत्येक वाटीत एका जागचे नट. खर्चाची वही मुलानेच लिहायची.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते, त्यापेक्षा मूळ रंगच द्या. फटाके फोडणारा सायलेन्सर बसवू नका, तो बेकायदेशीर आहे आणि शेजारच्या म्हाताऱ्यांची झोप मोडतो.

पहिली फेरी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, विमा आणि हेल्मेटसह, ताशी २० च्या वर न जाता. दहा वेळा नुसतं थांबून पाहायचं, आधी मागच्या ब्रेकने, मग पुढच्या, मग दोन्ही मिळून. घरी आल्यावर चाकांचे एक्सल, कॅलिपरचे बोल्ट आणि हँडलचे नट पान्याने पुन्हा तपासा. शंभर किलोमीटर झाले की आणखी एकदा तपासा.