आधी पाणी, मग बोट

भिलाईकराने पहिली बोट घेताना किंमत आणि इंजिन यांच्याआधी पाणी पाहावं. जवळचे मोठे जलाशय म्हणजे बालोदचा तांदुळा आणि धमतरीजवळ महानदीवरचं गंगरेल. दोन्हींचं पाणी शेतीसाठी आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठीही सोडलं जातं. त्यामुळे पावसाळ्यानंतर काठाशी असलेलं पाणी उन्हाळ्यात बरंच मागे हटतं आणि मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. ट्रेलरचं चाक तिथे रुतलं की जड बोट पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दोघांना उचलता येईल अशी वल्ह्यांची हलकी बोट किंवा कयाक, हीच पहिली शहाणी खरेदी.

कुटुंबाला मोटरबोटच सोयीची, हा आक्षेप रास्त आहे. पण अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. शिवाय बोट कोणतीही असो, जलाशयात उतरवण्याच्या परवानगीची चौकशी जल संसाधन विभागाकडे आधीच करावी. वर्षातून दोन-चारदाच जाणार असाल, तर गंगरेलच्या पर्यटन बोटींवर हौस भागते आणि देखभालीचा खर्चही वाचतो. मात्र छोटी बोट म्हणजे धोका कमी, असं मुळीच नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचंच हवं. बकल लावून ते खांद्याशी धरून वर ओढावं; कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असावा. जॅकेटांचा हा खर्च जमत नसेल, तर बोटीची खरेदी पुढे ढकलावी.