केमोच्या बिलातली एक ओळ

मोरा बंदरातून लाँचने भाऊचा धक्का आणि तिथून परळ: उरणकडच्या माणसांसाठी कॅन्सरच्या उपचाराची वाट वर्षानुवर्षे हीच होती. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि जनरल वर्गातल्या रुग्णाला तिथे सवलतीत उपचार मिळतात. पुढे टाटाचेच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र पनवेल तालुक्यात खारघरला आले. तरीही घरात केमो सुरू झाली की दोन हिशेब मांडावे लागतात, औषधांचा आणि डॉक्टरांच्या भेटींचा. पहिल्यावर बरेच बोलले गेले, दुसऱ्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

केमोची सायकल बहुधा एकवीस दिवसांची. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचे, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा. पेशी पुरेशा असतील, ताप नसेल, तर त्या दिवसाच्या डोसला मंजुरी मिळते. खासगी रुग्णालयाच्या बिलात मग एकेक ओळ चढते: डॉक्टरांची तपासणी, डे-केअरचा बेड, सलाइन, नर्सिंग, औषध. काउंट उतरलेले असतील तर केमो पुढे ढकलली जाते. त्या दिवशी फीची एकच ओळ उरते आणि ती रुग्णाच्या खिशातून जाते.

२ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड होता. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले. केमोचे पॅकेज ठरले आणि बेड, औषधे, डॉक्टरांची फी त्यातच आली. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२४ मध्ये मर्यादा पाच लाखांवर गेली, कार्डाच्या रंगाची अट सुटली. कितीतरी घरे कर्जापासून वाचली असतील. पण पॅकेज लागते ते उपचार झाल्यावर. डॉक्टरांनी तपासून 'आज नको' म्हटले, तर हा निर्णयही उपचारच असतो, मात्र पॅकेजमध्ये तो सहज बसत नाही.

विम्यात चोवीस तास दाखल राहण्याच्या अटीतून केमोला सूट आहे. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीच्या तीस आणि नंतरच्या साठ दिवसांचा संबंधित खर्चही मिळतो. म्हणून फुकट गेलेल्या फेरीचीही पावती आणि रिपोर्ट जपून ठेवावेत.

२०१९ मध्ये केंद्राने ४२ कॅन्सर औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, अनेक औषधांच्या किमती उतरल्या. २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नियमांनी डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीच्या फीसह दरपत्रक लावणे बंधनकारक केले. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याला केमोच्या दिवशीची तपासणी वेगळी आकारायची, तर ती डोस देण्याच्या नेहमीच्या कामापेक्षा स्वतंत्र होती हे दाखवावे लागते. आपल्याकडे बिलात असा खुलासा मागण्याची सवय अजून रुजायची आहे.

२०१२ पासून औषध आणि बेड यांचे ओझे हलके झाले. आता डोस थांबवणारी भेटही सरकारी पॅकेजमध्ये धरली जावी. रुग्णाला वाचवणारा निर्णय अनेकदा त्याच भेटीत होतो, आणि पैशांच्या भीतीने ती टाळली जाणे कुणालाच परवडणारे नाही.